उतरता उतरता थांबलेल्या फायली

बोर्ली पंचतनच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. मोठी फाईल डाउनलोडला लावायची, पंखा सुरू करायचा आणि बसायचं. ती निळी पट्टी इतकी सावकाश सरकते की माणसं आपोआप बोलायला लागतात, नाहीतर पेंगायला!

*

आमचे दामूकाका मच्छीमार. त्यांचं ठाम मत, नेट भरतीबरोबर येतं आणि ओहोटीला जातं. मी हसायचो. एकदा त्यांच्या बोटीच्या इंजिनाचा व्हिडिओ शेवटाला येऊन अडकला. काका म्हणाले, "आता वढू नको. पानी फिरलं का येल." मी चहाला गेलो, परत आलो तर फाईल उतरलेली! आता निम्मी गिऱ्हाइकं यायच्या आधी फोन करून भरतीची वेळ विचारतात. मीही सांगतो.

*

न्हावा शेव्याला नोकरी करणारा एकजण सुट्टीवर आला होता. त्याला बजावलं, लॅपटॉप मिटू नकोस, डाउनलोड तुटेल. पठ्ठ्या आरतीचं ताट धरावं तसा उघडा लॅपटॉप घेऊन मित्राच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेला. वायफाय मात्र माझ्या दुकानातच राहिलं!

*

एक गुरुजी टापटिपीचे भारी भोक्ते. त्यांचे शिकवणीचे व्हिडिओ उतरताना लाइट गेली. आल्यावर नुसतं 'रिझ्यूम' दाबलं असतं तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू झालं असतं. पण मी जेवून येईपर्यंत लाइट आली आणि गुरुजींना एक विचित्र नावाची, कशानेच न उघडणारी फाईल दिसली. ती म्हणजे त्यांचाच अर्धा उतरलेला व्हिडिओ! "तुमचा कचरा काढून टाकला," ते कौतुकाने म्हणाले. पुन्हा शून्यापासून सुरू केलं आणि दोघेही खुर्चीत झोपलो. बाहेर सुपारीची झाडं डुलत होती, कुणालाच काही घाई नव्हती.

*

जुलेखाखालांना मात्र घाई होती. त्यांच्या नातीचा निकाह बहरीनला झाला, आणि गुडघ्यांमुळे खालांना जाता आलं नाही. मुलाने अख्खा व्हिडिओ एका लिंकवर टाकला होता. ती लिंक त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

खाला सकाळीच ठेवणीतली ओढणी घेऊन, अत्तर लावून हजर. डाउनलोड तुटायचं, मी रिझ्यूम दाबायचो, पुन्हा तुटायचं. खाला नातीच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिल्या, मध्येच डोळा लागला, जाग आली तशी गोष्ट तिथूनच पुढे सुरू केली. ऊन उतरलं. मी पुन्हा रिझ्यूम दाबलं, तर फाईल आता तिथे नाहीच, असं उत्तर आलं. माझा जीव खरंच तुटला.

आली तेवढी अर्धी फाईल मी व्हिडिओ प्लेअरमध्ये ओढून टाकली. कधीकधी चालते. चालली! दिवे, पाहुणे, फुलांच्या जाळीआड नात. काझीसाहेबांनी विचारलं, कबूल आहे का? नातीने मान खाली घातली, ओठ जरासे हलले आणि चित्र तिथेच थांबलं.

मी म्हटलं, खाला, मुलाकडून परत लिंक मागवतो.

खालांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"कशाला घाई करतोस, बाबा? माझ्या टायमाला मी व्हय बोलायच्या आधीच निकाह झाल्याचे खजूर वाटून झालेले. हिला घेऊ दे तिचा वेळ."