सोडून गेलेल्यांची यादी

माझी मुलगी चार वर्षांची झाली त्या महिन्यात तिच्या चेन्नईतल्या बालवाडीतून एक चिठ्ठी आली. लहान मुलांमधला लठ्ठपणा वेळीच रोखण्यासाठी कार्यक्रम सुरू होतोय, दर शनिवारी सकाळी मुलांबरोबर घरच्या सगळ्यांनी यावं. ‘घरच्या सगळ्यांनी’ या शब्दांखाली रेघ ओढलेली होती. नवऱ्याला बँकेतून शनिवारी सुटता येईना, म्हणून मी आणि सासूबाई गेलो.

सासूबाई तंजावरच्या. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं त्यांचं मराठी घराणं. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि त्यातले काही शब्द मी कोल्हापुरात फक्त पोथीत ऐकले होते. डॉक्टर भेटणार म्हणून त्या नवी सुंगुडी, मदुराईची ठिपक्यांची सुती साडी नेसल्या होत्या. नातीच्या खाण्याचं सगळं त्यांच्याकडे होतं, आणि ते सांगायची त्यांना हौस होती.

तिसऱ्या शनिवारी ते घडलं. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आईबाप, मध्यभागी वजनकाटा, शेजारी माइक घेतलेले डॉक्टर. हा कार्यक्रम त्यांनीच उभा केला होता. हसरा माणूस. प्रत्येक मुलाचं वजन ते माइकवर वाचायचे. त्यामुळे घरचे गांभीर्यानं घेतात, असं त्यांचं म्हणणं होतं. माझी मुलगी तेव्हा अंगानं भरलेली होती. आकडा वाचून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, “तुला कोण भरवतं?”

“पाट्टी!” तिनं आजीकडे अभिमानानं बोट दाखवलं.

“पाट्टी, काय काय घालता हिला?”

सासूबाई उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. इडली, दहीभात, पिठलं आणि वरून घरचं तूप. डॉक्टर हॉलकडे वळून म्हणाले, “ऐकलंत? हे वजन मुलीचं नाही, पाट्टीच्या तुपाचं आहे.”

हॉल हसला. मुलं हसली. माझी मुलगीही हसली, सगळे हसतायत म्हणून. मग तिनं आजीचं तोंड पाहिलं आणि ती थांबली.

मीही तिथं होते. मी काही बोलले नाही, हे पुढं जे सांगते आहे त्याच्याआधी सांगायला हवं.

त्यानंतर मुलगी प्रत्येक घासाआधी विचारायला लागली, “अम्मा, हे माझं वजन आहे का?” सासूबाईंनी तिच्या ताटाला हात लावायचा सोडला. मी समजूत घालायला गेले तेव्हा म्हणाल्या, “पोरीस भूक लागली तर मी काय तराजू आणू? तूच घाल.” दोन महिन्यांनी त्या थोरल्या दिरांकडे तंजावरला राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, “तिकडली नातवंडं मोठी. त्यांस कोणी मोजीत नाही.” आजीच्या कुशीत झोपणारी मुलगी आठवड्यातून एकदा फोनवर बोलणारी नात झाली.

आम्ही कार्यक्रमाला जायचं बंद केलं. का येत नाही, असं विचारायला एकही फोन आला नाही.

पाच वर्षांनी तोच कार्यक्रम फाइल होऊन माझ्या टेबलावर आला. गिंडीच्या एका छोट्या ऑफिसात मी काम करते. लोकांनी चालवलेल्या योजनांचा खरंच उपयोग होतो का, ते आम्ही तपासतो. मधल्या काळात डॉक्टरांचा कार्यक्रम बऱ्याच बालवाड्यांत पोचला होता आणि आता तो आणखी वाढवायचा की नाही, हे ठरवण्याआधी त्यांच्या विश्वस्तांना बाहेरच्यांकडून तपासणी हवी होती. फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांचा फोटो होता. हातात माइक.

नियम मला पाठ होता. ज्याचा संबंध आला असेल त्यानं तसं सांगून बाजूला व्हायचं. मी तोंड उघडलं नाही. फाइल पिशवीत घातली आणि घरी जाताना मेट्रोत छातीशी धरून बसले.

डॉक्टरांच्या अहवालात निकाल फार देखणा होता. पहिल्या दिवसाची वजनं, शेवटच्या दिवसाची वजनं, आणि मधे सुधारणा. पण शेवटच्या दिवशी काट्यावर कोण होतं? जे टिकले ते. ज्यांना लाज वाटली, ज्यांना शनिवारची सुट्टी मिळाली नाही, ज्यांच्या घरी भांडणं झाली, ते मोजणीतून आपोआप गळले होते. नापास होतील अशी पोरं आधीच घरी पाठवायची आणि मग शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून फटाके फोडायचे, तसं.

मी सोडून गेलेल्यांची यादी मागवली. “अशी यादी ठेवलेली नाही,” असं उत्तर आलं. मला आनंद झाला. बालवाड्यांच्या कपाटांत पहिल्या दिवसाची रजिस्टरं होती. मी एकेक उघडलं, टिकलेल्यांवर काट मारली आणि उरलेल्यांची यादी स्वतः केली. एका रजिस्टरात माझ्या मुलीची ओळ होती. तीही उतरवली.

मग ती घरं शोधली. सैदापेटमधल्या एक बाई शिवणकाम करायच्या. म्हणाल्या, “शनिवारी यायचं तर काम सोडायचं. दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा मालकानं सांगितलं, येऊ नकोस.” अंबत्तूरला एक वडील भेटले. त्यांच्या मुलाला तिथून आल्यापासून गल्लीतली पोरं ‘गुंडू’ म्हणायची, म्हणजे जाड्या. आम्ही प्रत्येक मुलाचं वजन त्याच्याच घरी, आतल्या खोलीत घेतलं आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही. ऊन, बस, जिने यांचं मला काही वाटत नव्हतं. प्रत्येक दार उघडलं की मी मनात म्हणायची, आणखी एक सापडलं.

आता त्या काट्याची गोष्ट.

कार्यक्रमाच्या एका केंद्रावर टिकलेल्या मुलांची वजनं आम्हाला पुन्हा घ्यायची होती. डॉक्टर स्वतः आले. त्यांनी मला ओळखलं नाही. वजनं घेण्याआधी काटा बरोबर आहे का ते पाहावं लागतं. त्यासाठी ठरावीक वजनाची लोखंडी मापं असतात, ती काट्यावर ठेवायची.

“मापं आणली नाहीत?” त्यांनी विचारलं.

“ऑटोत राहिली वाटतं, सर,” मी म्हणाले. मापं माझ्या पायाशी पिशवीत होती. “तुम्हाला तुमचं वजन ठाऊक असेलच. तुम्हीच उभे राहता का? काट्याचं लगेच कळेल.”

समोर पंधरा-वीस आया बसल्या होत्या. नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी हसत आपलं वजन सांगितलं आणि ते काट्यावर चढले. आकडा बराच वर गेला. मी तो तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. दशांशासकट.

मागच्या रांगेत कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं.

“काट्यात दोष आहे,” डॉक्टर म्हणाले.

“असेल, सर.” मी वाकून पिशवी चाचपली. “अरे, मापं इथंच आहेत की.” एकेक माप काट्यावर ठेवलं. आकडे तंतोतंत. “काटा बरोबर आहे, सर.”

त्यांचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. एवढंच की, त्यानंतर रांगेत पहिली असलेली छोटी मुलगी आईच्या मागं लपली आणि काट्यावर यायला तयार होईना. एवढ्या मोठ्या माणसाला हसतात, तर मला काय करतील, असं तिला वाटलं असणार. तेवढं माझं चुकलं. आम्ही काटा कपाटाच्या आड नेला, तेव्हा कुठं ती आली.

अहवालाचा मसुदा मी आठ दिवसांत लिहिला आणि आमच्या मॅडमना दिला. त्या वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझी यादी होती आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

“हे वडिलांचं नाव तुझ्या नवऱ्याचं आहे.”

“हो, मॅडम.”

“कधी सांगणार होतीस?”

“सांगणार नव्हते.”

 त्यांनी मसुद्याचं एक पान उलटलं. “आणि ही आयांची वाक्यं. सगळी त्यांचीच आहेत?”

मला खोटं बोलता आलं नाही. “एक माझं आहे.”

“कुठलं?”

मी दाखवलं. माझ्या मते ते सगळ्यांत चांगलं वाक्य होतं. त्यांनी ते खोडलं. पुढं म्हणाल्या, “ज्या घरांत वडील किंवा आजी नेमानं आले, तिथं मुलांचं खरंच बरं झालंय. तुझ्याच आकड्यांत दिसतंय. मसुद्यात का नाही?”

“विसरले.”

“विसरली नाहीस.”

त्या दिवशी मॅडमनी माझ्याकडून सगळी कागदपत्रं काढून घेतली. दुसऱ्या एका सहकाऱ्याला नावं झाकून नुसते आकडे दिले आणि नव्यानं सगळं करायला सांगितलं. दोन आठवडे मी टेबलावर दुसरंच काम पुढं घेऊन बसले आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिले. माझ्या रागामुळे खरी गोष्टच खोटी ठरते की काय, ही भीती त्या दिवसांत मला चावत होती.

त्याचा निकाल माझ्यासारखाच आला. सोडून गेलेली मुलं मोजणीत धरली की कार्यक्रमाचा उपयोग जवळजवळ दिसेनासा होत होता. आणि ‘घरचे सगळे’ म्हणजे बहुतेक ठिकाणी एकटी आई होती. वडील आणि आजी जिथं आले त्या घरांबद्दलचा चांगला परिच्छेद मॅडमनी माझ्याकडूनच लिहून घेतला. दात-ओठ खात लिहिला, पण लिहिला. अहवालात पहिल्याच पानावर माझा संबंध उघड करणारी नोंदही घातली. नोकरी राहिली. त्या वर्षी बढती मात्र राहिली.

डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि मला फोन केला.

“तुमची मुलगी आमच्याकडे होती, हे मला माहीतच नव्हतं.”

“हो. तुम्ही विचारलंच नाहीत.”

“काही गैरसमज झाला होता तर तेव्हाच येऊन सांगायचं होतं.”

“माइक तुमच्याकडे होता, डॉक्टर.”

त्यांनी फोन ठेवला. विश्वस्तांनी कार्यक्रम वाढवला नाही. त्याची नवी आखणी दुसऱ्या बाईंकडे दिली. आता वजन आडोशाला घेतात, घरी येऊन बोलतात, आणि कोणी यायचं थांबलं तर फोन करतात. डॉक्टरांना शिक्षा वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या संस्थेत त्यांना चांगली जागा मिळाली.

मी तंजावरला फोन करून सासूबाईंना अहवालाचं ते पान मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आता ह्याचं मी काय करू? पोर नऊ वर्षांची झाली. तिला कधी धाडतेस?”

मे महिन्यात मुलीला पाठवलं. गेलेली वर्षं अर्थातच कुणी परत देत नाही, आणि माझा राग नेमका त्याच वर्षांसाठी आहे.

यंदा बालपोषणावर एक चर्चासत्र होतं. बोलणाऱ्यांमध्ये डॉक्टरांचं नाव पाहिलं आणि मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लवकर जाऊन पहिल्या रांगेत, बरोब्बर त्यांच्या समोर बसले. प्रश्न विचारायचा नव्हता. ते बोलायला उभे राहिले, त्यांची नजर माझ्यावर आली आणि पहिलं वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं. मी शेवटपर्यंत हलले नाही.