मोतीबिंदू पिकायची वाट

माझ्या उजव्या डोळ्याला लहानपणापासून नावापुरतंच दिसतं. सगळा संसार केला तो डाव्याच्या भरवशावर. त्याच डोळ्यात मोतीबिंदू आला. दिव्याभोवती कडं दिसायचं, तांदळातले खडे ताटात जायचे. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसवतात; तिच्या नारळाला चांदीचे डोळे बसवताना मी मातेला चक्क तिरळी करून ठेवली. घरात सगळे हसले, मीही हसले आणि मग देवघरात जाऊन रडले.

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, अजून कच्चा आहे, पिकू दे, मग काढू. आमच्या म्हसावदकडे मोतीबिंदूबद्दल असंच बोलतात, केळीच्या घडाबद्दल बोलावं तसं. मला ते सोयीचंच होतं. असलेल्या एकुलत्या डोळ्याला शस्त्र लागणार, आणि डॉक्टरांचा हात चुकला तर? या विचारानेच मला घाम फुटायचा. रोज कानबाईला म्हणायची, माय, तूच काय ते सांग. असं करत वर्ष गेलं.

शेवटी शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले, पण दवाखान्याच्या दारातूनच परत फिरले. स्टँडवर बसची पाटी वाचता येईना. शेजारी एक म्हातारी बसली होती; अंगावर हिरवं लुगडं, एवढंच मला कळलं. तिनेच मला विचारलं, ही गाडी कुठे जाते. मी म्हटलं, मलाही दिसत नाही, मोतीबिंदू पिकायची वाट बघतेय. ती माझ्याकडे सरकली. मग माझा हात धरून म्हणाली, “पिकाले तो काय आंबा शे? मी पिकू दिना, बहिन. डोया लाल व्हयना, ठणकना, नि उजेडच गया. तू आते जाय.”

तिने पिकायची वाट पाहिली होती, आणि डोळाच गेला होता. म्हसावदची गाडी लागली, पण मी चढले नाही. तशीच दवाखान्यात परत गेले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंगच गढूळ होणं. सुरुवातीला चष्म्याचा नंबर बदलून भागतं, पण थेंबांनी तो विरघळत नाही. रोजची कामं अडायला लागली की काढावा, पिकायची गरज नसते. फार पिकला तर काढणं अवघड होतं, कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते. हल्ली बारीक छेदातून, बहुतेक वेळा टाक्यांशिवाय, गढूळ भिंग काढून नवं बसवतात. धोका मुळीच नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

टेबलावर मात्र तो सगळा विश्वास पळाला. भुलीचे थेंब घातले, तोंडावर कापड आलं. हात कापडाखाली, जोडता येईनात; डोळा चिमट्याने उघडा धरलेला, मिटता येईना. आयुष्यभर या दोन गोष्टी करून मी स्वतःला भक्त समजत आले होते. त्या पांढऱ्या उजेडाखाली एवढंच म्हणू शकले, माय, आता माझ्या हातात काही नाही. भीती गेली नाही. पण मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच हातावरच्या सुरकुत्या. त्या केव्हा आल्या, मला पत्ताच नव्हता. मी त्या कौतुकाने बघत बसले.

त्या म्हातारीला कानबाईनेच धाडलं का, हे मला कोण सांगणार? तिला शोधायला मी बरेचदा शहाद्याला जाते. पण ती भेटली तेव्हा माझी नजर धुरकट होती. तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. म्हणून स्टँडवर दिसेल त्या म्हातारीच्या मी पाया पडते. त्या बिचाऱ्या गोंधळतात, पण आशीर्वाद देतात.