फाटकावर ताप मोजणारी बाई

करोनाच्या काळात परभणीला विद्यापीठाच्या वसतिगृहात भाजी मी पोचवायचो. फाटकावर एक सुरक्षारक्षक बाई असायची. ती आधी गाडीच्या चाकांवर औषध फवारायची, मग कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरायची आणि आकडा मोठ्याने म्हणत वहीत लिहायची. प्राध्यापक असो की भाजीवाला, तिची रीत एकच.

एकदा ती म्हणाली, "एकशे एक."

"उन्हातून आलोय, ताई. दोन डिग्री कमी धरा."

"भाऊ, ही मेथीची जुडी न्हाई, भाव करायला."

मी भडकलो. भाजी सुकेल, पोरं उपाशी राहतील, वर तक्रार करीन, सगळं बोललो. तिने मला लिंबाच्या सावलीत बसवलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. एकशे एकच.

"घरी म्हातारं कोण हाय?" तिने विचारलं.

"माय हाय. ऐंशीची."

"मग तपासणी होईस्तोवर घरी जाऊ नका."

रागारागातच मी शेतातल्या खोलीवर राहिलो. दोन दिवसांनी अहवाल आला, मला करोना झाला होता. आईला साधी शिंकही आली नाही.

मी बरा होईपर्यंत मेसच्या ठेकेदाराने दुसरा भाजीवाला धरला. तो राग अजून आहे. ठेकेदाराशी भांडायलाच मी फाटकावर गेलो. बाईने यंत्र धरलं, "सत्त्याण्णव" म्हणाली आणि वही बाजूला ठेवून विचारलं, "माय कशी हाय?"

"बरी हाय," म्हणालो. ठेकेदाराला न भेटताच गाडी वळवली आणि आईजवळ जाऊन बसलो.