एकसष्ट मुलांचा एक जून

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मला विषय दिला गेला. तो आपण निवडायचा असतो हे मला फार नंतर कळलं. मार्गदर्शक प्राध्यापकांनी यादीवर बोट ठेवलं: 'ग्रामीण प्राथमिक शाळेतील मुलांच्या मागासलेपणाची कारणे'. मुलं मागासलेली आहेत हे मथळ्यातच ठरून गेलं होतं, आम्ही फक्त कारणं पुरवायची. आधी प्रश्न पडावा लागतो, हे वर्षभरात आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की प्रकरणं पाच हवीत, पानं शंभराच्या खाली नकोत आणि तक्ते भरपूर हवेत.

मी तेव्हा चाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप, नोकरीतून रजा काढून शिकणारा मास्तर. आष्टीजवळच्या एका गावची शाळा घेतली. तिथल्या हेडमास्तरांनी दाखल्यांचं रजिस्टर पुढं टाकलं. तिसरी-चौथीची चौऱ्याऐंशी मुलं मी दोन दिवसांत उतरवून घेतली. जन्मतारखेवरून वय काढायचं. वर्गाच्या मानानं वय जास्त असेल तर मूल 'मागे पडलेलं' धरायचं. बौद्ध वस्तीतली मुलं तेवीस, त्यांतली एकोणीस मागे पडलेली निघाली. मार्गदर्शक खूश.

"बघा, निष्कर्ष आपोआप आला. आता लिहून टाका."

लिहूनही टाकलं असतं. पण मला प्रत्येक बेरीज दोनदा करायची सवय आहे. दुसऱ्यांदा मी महिन्यांप्रमाणे मांडणी केली आणि जूनच्या रकान्यात आकडे मावेनात. चौऱ्याऐंशीपैकी एकसष्ट मुलं एक जूनला जन्मलेली! उतरवताना हे खुपलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या सर्टिफिकेटावरही एक जूनच आहे. सगळ्यांची तीच असते, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो.

मी परत हेडमास्तरांकडं गेलो.

"गुरुजी, हे काय?"

"मंग काय लिहायचं? शाळा जूनला उघडती. डोक्यावरून हात घेऊन पोराला आपलाच पल्याडचा कान धरता आला, की सहा सालाचं. लिव एक जून."

"आणि वस्तीतल्या मुलांना आठ-आठ वर्षं कशी लावली?"

"ती लोकं पोरं उशिराच आणतेत, हे ठरलेलंच हाय. म्हणून मी दोन साल वाढवूनच लिहितो. कुणी काही विचारत न्हाई."

अजूनही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. एका माणसानं न विचारता दोन वर्षं वाढवली. मी तीच वर्षं मोजून सिद्ध करणार होतो की ही मुलं मागे पडतात. आणि उद्या कुणी माझ्या प्रबंधाचा आधार देऊन तेच पुन्हा लिहिणार होतं.

मग मी घरोघर जायला लागलो. पहिलंच घर वस्तीतलं. चौथीतल्या एका मुलीची आई ज्वारी पाखडत होती. रजिस्टरात मुलगी अकरा वर्षांची.

"अकरा?" ती हसली. "मास्तर, मंग माझं लगीन व्हायच्या आधीच झाली म्हणायची पोरगी! आपल्या विहाराचा पाया घातला, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली ती. दगडावर साल कोरलंय. जाऊन बघा की, मला कशाला पुसता?"

गेलो, दगड वाचला. मुलगी नऊ वर्षांची होती, म्हणजे वर्गात बरोबर जागेवर. वहीत वयापुढं आणखी एक रकाना पाडला: 'कुणी सांगितलं, कशावरून'. हा रकाना आधी पाडायचा असतो, हे शिकायला मला एक अख्खा तक्ता फुकट घालवावा लागला. वस्तीतली जेवढी मुलं घरी भेटली, त्यांत मागे पडलेली फक्त चार निघाली.

नवं चौथं प्रकरण घेऊन औरंगाबादला गेलो. मार्गदर्शकांनी चाळलं.

"अहो, रजिस्टर सरकारी दस्तऐवज. बायांच्या तोंडच्या गोष्टी म्हणजे काय पुरावा झाला?"

"सर, रजिस्टरसुद्धा एका माणसाच्या तोंडचीच गोष्ट आहे. फक्त शाईनं लिहिलेली."

"ते तत्त्वज्ञान राहू द्या. जुना तक्ता घाला, 'मर्यादा' म्हणून शेवटी एक ओळ टाका. आजच सही करतो."

एक ओळ! एकोणीस मुलांना मठ्ठ ठरवायचं आणि शेवटच्या पानावर माफी मागायची. मी नाही म्हणालो. सही झाली नाही, मुदत गेली, रजा संपली. बायकोनं विचारलं, "एका ओळीसाठी वर्ष घालवलं?" मी म्हणालो, "हो." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचंही बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या प्राध्यापिका मार्गदर्शक मिळाल्या. त्यांनी तेच बाड, एकही शब्द न बदललेलं, समोर बसून वाचलं.

"चौऱ्याऐंशी मुलांच्या घरी तुम्ही स्वतः गेलात?"

"सत्त्याहत्तर. सात मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांची वयं मला माहीत नाहीत. तक्त्याखाली तसं लिहिलंय."

त्यांनी तक्त्याखालची टीप बोट ठेवून वाचली, वस्तीतल्या तेवीसमध्ये त्या सातांपैकी किती हे विचारलं, मी "दोन" म्हणालो, आणि त्यांनी सही केली. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासासाठी माझं एक वर्ष गेलं, याचा राग मी अजून सोडलेला नाही.