फीडताईचा दादा

अतिदक्षता विभागाच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. स्टीलचं टेबल, वजनकाटा, उकळून गार केलेल्या पाण्याचं पिंप आणि भिंतीवरच्या फळ्यावर रुग्णांच्या खाटांचा तक्ता, एवढाच तिचा पसारा. बावीस वर्षं एक बाई याच खोलीत उभी राहून काम करत होती. ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्या नाकातून पोटात गेलेल्या नळीतून जे अन्न जातं, ते ती तयार करायची. पावडर मोजायची, कोमट पाण्यात घोटायची, गाळायची, बाटलीवर खाटेचा नंबर आणि वेळ लिहायची. चार तास उलटले की उरलेलं ओतून द्यायची. त्या अन्नाला तिथे फीड म्हणत, म्हणून सगळे तिला फीडताई म्हणत.

आईवडील लवकर गेल्यावर तिला थोरल्या भावाने आणि वहिनीने वाढवलं होतं. दादा लेथ मशीनवर काम करायचा. तो तिची फिरकी घ्यायचा, "तुझ्या स्वयंपाकाला कोण नावं ठेवणार? तुझं गिऱ्हाईक बेशुद्ध असतं." ती चिडायची नाही. खरंच तर होतं ते.

दोन वर्षांपूर्वी विभागात एक नवी डॉक्टरीणबाई आली आणि काही रुग्णांच्या फीडमध्ये एक पांढरी, बिनवासाची पावडर घालायला सांगू लागली. तंतुमय पदार्थ, पाण्यात विरघळणारा. पहिल्याच दिवशी फीडताईच्या हातून त्याच्या गुठळ्या झाल्या, एका रुग्णाची नळी तुंबली आणि सिस्टरची बोलणी तिला खावी लागली. ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि हे खूळ कशासाठी म्हणून विचारलं.

बाईंनी तिला खुर्ची दिली. माणसाच्या आतड्यात अगणित जंतू राहतात, त्यातले बरेचसे आपल्या भल्याचे, असं त्यांनी सांगितलं. जोरकस औषधांनी वाईटांबरोबर चांगलेही मरतात. उरलेल्यांना खायला काही मिळालं नाही, तर ते आतड्याच्या आतला बुळबुळीत थरच खरवडून खाऊ लागतात. ही पावडर आपल्याला पचत नाही, ती त्यांच्यासाठी आहे.

"म्हणजे पेशंटच्या पोटातल्या बिऱ्हाडालाही आता मीच जेवू घालायचं," ती म्हणाली.

बाई हसल्या. पण लगेच हेही म्हणाल्या की, याचा उपयोग काहींना होतो, काहींना होत नाही, आणि काहींना हे देऊच नये. फीडताईने मग आधी पाणी ढवळत ठेवून पावडर चिमटीचिमटीने सोडायचं तंत्र बसवलं. पुन्हा नळी तुंबली नाही.

आणि मग दादाच सहा नंबरच्या खाटेवर आला. साध्या खोकल्याचं निमित्त, दोन्ही फुप्फुसं भरली, तिसऱ्या दिवशी श्वासाचं यंत्र लागलं. फीडताईने तक्त्यावर सहा नंबरसमोर त्याचं वजन लिहिलं, तेव्हा खडू मोडला. तिने दुसरा घेतला.

पाचव्या दिवसापासून दादाला जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-दहा वेळा. सिस्टर साफ करून दमायच्या, त्याच्या पाठीची कातडी सोलून निघाली. डॉक्टरीणबाईंनी आधी तपासणी करून घातक जंतू नसल्याची खात्री केली आणि थोडी थोडी पावडर सुरू केली. चार दिवसांत दहाचे तीन झाले. वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या इतर नातेवाइकांना ती सांगत सुटली, आमच्या नणंदेच्या हातच्या पावडरीने माणूस वळणावर आला. फीडताईने दोनदा समजावलं की जुलाब थांबणं वेगळं आणि छाती बरी होणं वेगळं. वहिनीने मान डोलावली, पण ऐकलं काहीच नाही.

दोन दिवसांनी छातीतले जंतू रक्तात उतरले. रक्तदाब कोसळला. तो वर ठेवायला एकामागून एक औषधं चढवली गेली आणि दादाचं पोट ढोलासारखं फुगलं. डॉक्टरीणबाईंनी फीडताईला बोलावून सांगितलं, "ताई, सहा नंबरची पावडर बंद. फीडसुद्धा थेंबाथेंबानेच. आतड्याला रक्त पुरत नाहीये."

वहिनीला हे सिस्टरकडून कळलं. ती सरळ खोलीच्या दाराशी आली. आत यायची परवानगी नव्हती म्हणून उंबऱ्यावरच उभी राहिली.

"त्याला गुण येत होता. मग बंद का केलं?"

फीडताईने तिला पोट, रक्त, औषधं सगळं सांगितलं. वहिनीने मधेच तिचा हात धरला.

"एक चमचा घाल. कोणाला कळणार आहे? बोट धरून चालायला त्याने शिकवलंय तुला."

"वहिनी, अपाय होईल त्याला."

"तुला नोकरीचा नियम प्यारा आहे," वहिनी म्हणाली आणि निघून गेली.

फीडताई टेबलापाशी परतली. तिने सहा नंबरची बाटली घेतली. मग पावडरीचा डबा उघडला. एक चमचा वजनकाट्यावर घेतला, पाणी ढवळलं, चिमटीचिमटीने पावडर सोडली. एकही गुठळी झाली नाही. बाटलीवर नंबर लिहिला, वेळ लिहिली. हे सगळं करताना आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही हात थांबत नव्हते. ती बाटली हातात घेऊन उभी राहिली. मग ती तिने बेसिनमध्ये ओतून दिली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

त्यानंतर तिने साधं फीड बनवून पाठवलं आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"मॅडम, सहा नंबरचं फीड दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा. माझ्या हातांवर माझा भरवसा नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, कारण विचारलं नाही. त्याच दुपारी दुसऱ्या वॉर्डातली बाई येऊन दादाच्या बाटल्या भरू लागली. फीडताई बाकीच्या अकरा खाटांचं करत राहिली.

दादा दोन दिवसांनी सकाळी गेला. वहिनी खाटेच्या एका बाजूला होती, ही दुसऱ्या बाजूला. घरी आलेल्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगायची, "हिने बंद केलं." फीडताई समोर बसून ऐकायची. पावडर बंद करायचा निर्णय आपला नव्हता, हे तिने एकदाही मोठ्याने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वहिनीकडे धरून ठेवायला तो रागही उरला नसता, असं तिला वाटायचं.

आठवड्याने ती कामावर आली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, ती पावडर घातली असती तर दादा वाचला असता का?

"नाही," बाई म्हणाल्या. "आतडं आणखी लवकर मेलं असतं. आधी दिली त्या पावडरीने त्याचे जुलाब कमी झाले, एवढंच. बाकीचं कोणाच्या हातात नव्हतं."

हे ऐकून तिला बरं वाटेल असं बाईंना वाटलं असावं. तिला फक्त पाय दुखत असल्याचं जाणवलं. ती जाऊन टेबलापाशी बसली, एरवी ती तिथे कधी बसत नसे.

वहिनी अजून तिच्याशी बोलत नाही. फीडताई दर रविवारी तिच्याकडे जाते, वहिनी दार उघडते आणि आत निघून जाते. ती थोडा वेळ बाहेरच्या खोलीत बसते आणि परत येते. फीडच्या खोलीत आता एक नवी मुलगी हाताखाली आली आहे. तिला मोजमाप शिकवण्याच्या आधी फीडताईने एक गोष्ट सांगितली: आपलं माणूस खाटेवर आलं, तर त्याची बाटली आपण भरायची नाही. मुलीने का म्हणून विचारलं. फीडताईने तिच्या हातात वजनकाटा दिला आणि शून्य कसं लावायचं ते दाखवलं.