एकशे चाळीस मिनिटं

संख्याशास्त्राच्या माझ्या वर्गात त्या ताई वयानं सगळ्यांत मोठ्या. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायच्या. चुकलेला आकडा कधी गिरवून झाकायच्या नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायच्या. आधी कंपनीत माल तपासायचं काम केलेलं, तिथली ही शिस्त. मला ती वही गचाळ वाटायची.

प्रकल्पासाठी त्यांनी महिनाभर रोज थांब्यावर एसटीची वाट बघण्यात किती वेळ गेला ते मोजलं. बहुतेक दिवशी दहा-पंधरा मिनिटं, एका दिवशी मात्र एकशे चाळीस.

"ताई, हा आकडा वगळा. सगळी सरासरी बिघडते."

"मी नाय वगळायची, सर."

"मार्क जातील."

"जाऊ द्या. त्या दिवशी तिथं मी उभी होते."