खुणेचे खांब

लंडनच्या ईलिंगमधल्या आमच्या रस्त्यावरची सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी होती. तीच लाल वीट, तीच पांढरी खिडकी, दारापुढे तोच वीतभर बगीचा. त्यात एकच घर ग्रीक होतं. त्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन उंच, पांढरेशुभ्र खांब उभे होते आणि त्यांच्यावर कशाचाही भार नव्हता. ते ज्यांनी स्वतःच्या हातांनी उभे केले, त्यांना आसपासची सगळी मराठी मंडळी खांबवाले काका म्हणत. मी पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हापासून त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यामुळे खांबांच्या आधीचं घर मी पाहिलेलं होतं, आणि खांब कशासाठी आले तेही मला ठाऊक होतं.

लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून लोक हसत. आरतीला आलेला एखादा दारातच विचारी, काका, चपला खांबांच्या बाहेर काढू की आत? हौसेला मोल नसतं, असं बायका स्वयंपाकघरात एकमेकींना सांगत. काका पोटावरून हात फिरवत सगळ्यांबरोबर हसायचे. मोठा गृहस्थ, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. मी एकदा म्हटलं, खरं कारण सांगून टाका ना. तर एकदम गंभीर झाले. ‘मला हसू देत गं. तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागले तर मला सहन व्हायचं नाही.’

ती म्हणजे काकू. काकू इतिहासाच्या शिक्षिका. आधी पुण्यात, मग इथल्या शाळेत. घरातही काका त्यांना ‘बाई’च म्हणत, वर्गातल्या मुलाने म्हणावं तसं. भारतातून कुणी नवीन आलं की काकू त्याला बसच्या वरच्या मजल्यावर बसवून लंडन दाखवायला नेत, आणि लंडन म्हणजे त्यांच्या लेखी खांब. बँक असो, चर्च असो, म्युझियम असो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनी सगळ्यांना खांब वाटलेत, असं त्या सांगत. डोरिक खांब अनवाणी. आयोनिकच्या डोक्यावर दोन जिलब्या. कोरिंथियनच्या डोक्यावर कोथिंबिरीची जुडी. एवढं पाठ झाल्याशिवाय आम्हाला खाली उतरू देत नसत. ग्रीसला मात्र त्या कधीच गेल्या नव्हत्या. मुलीचं शिक्षण, घराचं कर्ज, मग काकांचा गुडघा, असं करत ते राहूनच गेलं.

खांब अगदी सरळ घडवला तर मधे खंगलेला दिसतो, म्हणून ग्रीक लोक पोटाशी थोडा फुगवटा ठेवत, हा काकूंचा आवडता धडा. तो शिकवताना त्या काकांना उभं करायच्या आणि त्यांच्या पोटावर पट्टीसारखी उलथन्याची दांडी ठेवायच्या. काका छाती काढून खांब व्हायचे. ती दोघं इतकी हसायची की भाजी करपायची.

मग काकू विसरू लागल्या. आधी गॅस, मग शब्द, मग मँचेस्टरच्या मुलीचं नाव. पण काकांची झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. फिरायला गेलेल्या काकू परतताना भलत्याच घरात शिरत. एकदा चार घरं पलीकडच्या आयरिश आजींच्या सोफ्यावर जाऊन बसल्या आणि माझं सामान कुणी हलवलं म्हणून त्या बिचारीलाच रागावल्या. आजींनी त्यांना चहा पाजून घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर पाठवू नका. काका म्हणाले, जन्मभर शहर पायांखाली घातलेल्या बाईला मी कोंडून घालू? तिला तिचं घर सापडलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी दार लाल रंगवलं. काकू लाल विसरल्या. दाराशी तुळस ठेवली. ती थंडीने आधीच हात टेकून मोकळी झाली.

एका शनिवारी आम्ही तिघं बसने चाललो होतो. काकूंनी मला दोनदा विचारलं होतं की तू कोण. तेवढ्यात एक जुनी बँक आली आणि काकू खिडकीला बोट लावून म्हणाल्या, ‘आयोनिक. दोन जिलब्या.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पुढच्याच स्टॉपला उतरले आणि आम्हालाही उतरवलं.

पुढच्या आठवड्यात बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून दोन पोकळ, फायबरचे खांब आले. काकांनी ते लंगडत लंगडत, शिव्या देत उभे केले. मग काकूंना रस्त्याच्या पलीकडे उभं करून विचारलं, बाई, पास का? काकूंनी बराच वेळ निरखलं. ‘आयोनिक आहेत. पण फुगवटा कमी पडलाय,’ म्हणाल्या, आणि सरळ चालत येऊन घरात गेल्या. काका तिथेच पायरीवर बसून रडले. मी माणसाला आनंदाने इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

वर्षभर काकू रोज बरोबर घरी आल्या. लोक हसत होते आणि काका सुखात होते.

जे काकूंनी आम्हाला बसमध्ये शंभरदा सांगितलं होतं, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ग्रीकांनी खांब सगळ्यांना वाटले होते. खांब म्हणजे घर, हे काकूंच्या मनात पक्कं बसलं आणि त्यांना जागोजागी घर दिसू लागलं. प्रथम त्या त्याच बँकेच्या दारात सापडल्या. हे आमचंच घर, पण आत एवढे पाहुणे कशाला, असं तिथल्या माणसाला विचारत होत्या. काका हसले, म्हणाले, लंडनभर घरं झाली तिला. पण त्या दिवसापासून ते त्यांना एकटं सोडत नसत.

डिसेंबरातला रविवार होता. काका मागच्या अंगणात कपडे काढायला गेले, तेवढ्यात काकू निघाल्या आणि बस पकडून गेल्या. तीन-चार स्टॉप पुढे एक चर्च आहे, दोन जिलब्यांच्या खांबांचं. प्रार्थना आटोपून ते बंद झालं होतं. काकूंनी पर्समधली घराची किल्ली त्या भल्यामोठ्या दाराला लावून पाहिली असावी, कारण ती किल्ली त्यांच्या मुठीतच होती. मग त्या पायरीवर बसून राहिल्या. चारलाच अंधार पडला, वर बर्फाळ पाऊस. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला त्या दिसल्या.

हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया म्हणाले. मी पलंगाच्या या बाजूला, काका त्या. एकदाच काकूंनी डोळे नीट उघडले.

‘अहो, किती वेळ बेल वाजवली. होतात कुठे?’

मला वाटलं, काका कोसळतील. ते काकूंच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. ‘बाथरूममध्ये होतो गं बाई. चुकलं. आता उघडलंय दार.’

‘हं,’ म्हणाल्या आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतर काका पुढच्या दाराने कधी आले-गेले नाहीत. मागच्या गल्लीतून यायचे. मीच तिला खोटी खूण दिली, हे एकच वाक्य त्यांच्या तोंडी. मी परोपरीने सांगितलं की त्याच खुणेने काकू वर्षभर घरी आल्या, नाहीतर कधीच हरवल्या असत्या. ते ऐकून घेत आणि ताटातलं तसंच ठेवून उठत. पोट ओसरलं. कपडे अंगावर लोंबू लागले. फुगवटा गेलेला तो माणूस मधे खंगलेला दिसायचा, अगदी काकू सांगायच्या तसा. काकू असत्या तरी उलथन्याची दांडी ठेवायला जागाच उरली नव्हती.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना मँचेस्टरला न्यायला आली. घर विकलं गेलं होतं आणि घेणाऱ्यांनी खांब काढणार असल्याचं आधीच सांगितलं होतं. सामान गाडीत चढलं. मी निरोपाला उभी होते. एजंट किल्ल्या घ्यायला यायचा होता, त्याला अजून अवकाश होता.

काका गाडीतून परत उतरले. कित्येक महिन्यांनी खांबांच्या मधून चालत दारापाशी गेले, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. आतला रिकामा जिना रस्त्यावरून दिसू लागला. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.

‘बाबा, दार लॉक केलं का?’ मुलीने गाडीतून विचारलं.

‘नाही,’ काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘तो माणूस येईपर्यंत राहू दे. खूण आहे तोवर दार तरी उघडं असू दे.’

गाडी गेली. एजंट येईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले आणि दार लोटलं नाही.